साखर टाकलेले निखारे

देइदामिया बार्रिआच्या घरातलं एकही दार पूर्ण लागत नसे. लागू नये म्हणून तिनेच चौकटी तासून ठेवल्या होत्या. बाहेर उत्तरेचा वारा घराच्या लाकडी पट्ट्या उपसून काढतोय, छपरावर पाऊस थडथडतोय, आणि हिची दारं चार बोटं उघडी! गावाने तिचं नावच 'दारउघडी' ठेवलं होतं आणि ते तिच्या तोंडावर घ्यायलाही कुणी कचरत नसे. दुकानात ती शिरली की कुणीतरी ओरडायचंच, "आली दारउघडी! स्वेटर चढवा रे!"

"हसा लेको, हसा," ती म्हणायची. "मेलात तर निदान उबेत मराल."

बाई तोंडाची फटकळ होती, पण मनाची भित्री. लाटांना भ्यायची नाही. एकटी वल्ही मारत पलीकडच्या बेटावर जाऊन यायची. कुत्र्याला नाही, नवऱ्याला तर कधीच नाही. ती भ्यायची एकाच गोष्टीला, शेगडीला. लालभडक निखाऱ्यांनी भरलेली, वर लोखंडी कडी असलेली, चिलोएच्या आमच्या सगळ्या बेटांवर घराघरांत असते तशी साधी शेगडी. दुसऱ्याच्या अंगणात ती दिसली, तरी देइदामिया रस्ता बदलायची.

आता आमच्याकडे थंडी काढायची म्हणजे सगळं घर स्वयंपाकघरात. बिडाची मोठी चूल दिवसभर धडधडत असते. तिच्यावर किटली, तिच्या भट्टीत भाकरी, तिच्या कडेला वाळत घातलेले मोजे आणि भोवती माणसं, हातोहात 'माते' नावाच्या पाल्याचा कडू चहा फिरवत. झोपायच्या खोल्या मात्र विहिरीसारख्या गार. चुलीची ऊब तिथवर न्यायची कशी? गावाचं उत्तर ठरलेलं. चुलीतले निखारे शेगडीत काढायचे, शेगडी अंगणात ठेवून फुंकायची, सगळं लाल झालं की वर साखर भुरभुरायची. साखर जळते, निळसर धूर निघतो, गोड वास सुटतो. धूर संपला की निखारे 'गोड' झाले. मग शेगडी उचलून आत न्यायची आणि दार घट्ट लावायचं. 'कच्चा निखारा माणूस मारतो, गोड निखारा निजवतो,' असं आमच्या म्हाताऱ्या सांगत आल्या, आणि आम्ही ऐकत आलो.

देइदामियाच्या घरात निखारा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे, मग तो गोड असो की कच्चा. ऊब न्यायला तिने दुसरी वाट काढली होती. ती तिला दाखवली होती होड्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या लुक्रेसिओने. त्याने एकदा दारात मेणबत्ती धरली होती. वर, चौकटीपाशी धरली तर ज्योत खोलीकडे झुकली. खाली, जमिनीपाशी धरली तर चुलीकडे. "बघ पोरी," तो म्हणाला होता, "ऊब वरून चालते आणि गारठा खालून रांगतो. गरम हवा ढकलत बसू नकोस, ढकलून ती जात नाही. गारठ्याला चुलीकडे यायला वाट दे, ऊब आपसूक त्याच्या जागी जाईल." मग दोघांनी मिळून प्रत्येक खोलीच्या भिंतीत दोन भोकं पाडली. एक दाराच्या वर, एक पार खाली, मांजर जाईल एवढं. त्याशिवाय रोज संध्याकाळी चार विटा भट्टीत तापवून, जुन्या लोकरीत गुंडाळून, चार अंथरुणांत. नवरा जिवंत होता तोवर कुरकुरायचा, "सगळं जग कोळशावर झोपतं आणि मी विटेवर." पण झोपायचा.

हे सगळं का, ते तिने ना नवऱ्याला सांगितलं, ना मुलाला, ना पाद्र्याला.

ती नऊ वर्षांची होती. आजी, त्रान्सितो, खोकल्याने आडवी पडलेली. आई चुलीपाशी, हात पिठात. आई म्हणाली, "देइदा, शेगडी पेटव आणि आजीच्या खोलीत ठेव. साखरेच्या डब्यातली मूठभर साखर टाक वर, विसरू नकोस." तेव्हा साखर महिन्यातून एकदा होडीने यायची. डबा उंच फळीवर असायचा, आणि पोरांना त्याचा वाससुद्धा मिळायचा नाही. पोरीने मूठ भरली. अंगणात गेली. निखारे लाल झालेले. तिने मुठीकडे पाहिलं, एक दाणा जिभेवर ठेवला. मग दुसरा. मग सगळी मूठच तोंडात. हात फ्रॉकला पुसले आणि शेगडी कडीला धरून आत नेली. आजीने डोळे उघडून विचारलं, "गोड केलेस ना, बाळ?" पोर म्हणाली, "हो आजी." मागून आई आली, दार ओढून घेतलं आणि खालच्या फटीत पोतं कोंबलं, ऊब जाऊ नये म्हणून.

सकाळी आजी उठली नाही. गाल गुलाबी, चेहरा शांत. सगळे म्हणाले, म्हातारीचा वेळ भरला होता, देवाने झोपेत नेलं, भाग्यवान. देइदामिया कोपऱ्यात उभी होती, तोंडात अजून तो गोडवा होता असं तिला वाटत होतं. त्या दिवसापासून तिने साखर तोंडात घातली नाही. मातेचा चहा कडू, लग्नाचा केक दुसऱ्याला. पुढे रेडिओवर शेगडीच्या विषारी वायूच्या सूचना यायच्या, तेव्हा ती कान देऊन ऐकायची. साखरेबद्दल मात्र त्यात कधी काही नसे. कुणाला विचारावं? आणि विचारलं तर 'तुला का गं एवढी काळजी?' असं कुणी म्हटलं की काय सांगायचं? चोपन्न वर्षं ती हा धोंडा गळ्यात बांधून हिंडत होती.

मग यास्ना आली.

यास्ना म्हणजे तिची सून, लेक वाल्देमारची बायको. पोर उत्तरेकडच्या वाळवंटातली, आन्तोफागास्ताची. तिथे आयुष्यात छत्री कुणी विकत घेत नाही. वाल्देमार मासे पाळणाऱ्या कंपनीत होता, चौदा दिवस समुद्रातल्या तरंगत्या घरात आणि सात दिवस घरी. त्याने बायकोला आणि दोन महिन्यांच्या लेकीला, राएनला, आईकडे आणून सोडलं, ते ऐन जुलैत, आमच्या भर थंडीत. सामानात एक टेबलफॅन होता. तो पाहून सारं गाव पोट धरधरून हसलं.

देइदामिया मात्र हसली नाही. तिने तो पंखा उचलला आणि मागच्या खोलीत, खालच्या भोकाजवळ जमिनीवर ठेवला, तोंड स्वयंपाकघराकडे.

"आई," यास्ना म्हणाली, "थंडीने माझे दात वाजतायत आणि तुम्ही पंखा लावताय? तोही माझ्या खोलीतली हवा बाहेर टाकायला?"

"गारठा बाहेर टाकायला. तू बघ तर खरी."

अर्ध्या तासाने खोलीत अंगावरची एक घोंगडी काढावी लागली. यास्ना हात वर करून दारावरच्या भोकातून येणारी ऊब चाचपत राहिली. "तुम्ही चेटकीण आहात," ती म्हणाली. सासू पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसली. त्या रात्री तिने सुनेला एकच गोष्ट बजावली. "या घरात सगळं कर. उशिरा ऊठ, भांडी तशीच ठेव, माझ्या लेकाला शिव्या घाल. पण निखारा खोलीत न्यायचा नाही. शप्पथ घे."

"घेतली. पण का?"

"कारण मी सांगते म्हणून."

हे तिचं चुकलं, असं माझं मत आहे. कारण न सांगता घातलेली बंदी किती दिवस टिकणार? पण कारण सांगायचं म्हणजे साखरेपर्यंत यावं लागणार, आणि तिथे तिची जीभ लुळी पडायची.

आठवड्याभरात मोठं वादळ आलं. पहाटेच तारा तुटल्या आणि वीज गेली. पंखा थांबला. त्यात वखारीच्या छपराचा एक पत्रा उडून सगळा लाकूडफाटा भिजला. ओलं लाकूड चुलीत नुसतं फसफसायला लागलं, आणि उत्तरेचा वारा धुराड्यातून उलटा शिरून धुराचे लोट स्वयंपाकघरात ओतू लागला. राएन खोकायला लागली. लहानसा, कोरडा खोकला, देइदामियाच्या काळजाला थेट भिडणारा.

देइदामियाने दार सताड उघडलं, धूर काढला आणि अंगावर मेणकापड घेतलं. "मी लुक्रेसिओकडून सुकं लाकूड आणते. तासाभरात येते. पोरीला घेऊन इथेच बस. धूर झाला तर दार उघड, गार वाटलं तर अंगाला अंग लावून बस, पण दार उघडंच ठेव. कळलं?"

"कळलं, आई. जा तुम्ही."

सुनेने मान डोलावली, पण सासूचं पाऊल उचलेना. ती दारातून दोनदा मागे फिरली. शेवटी स्वतःवरच चिडली, "काय हे भित्रेपण, देइदा! ताक फुंकून पिताना आता पाणीही फुंकायला लागलीस," आणि निघाली.

लुक्रेसिओने पाठीवर बांधून दिलेलं सुकं लाकूड घेऊन ती परत निघाली तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. आभाळ इतकं खाली आलेलं की दिवस आहे की संध्याकाळ ते कळेना. वाटेच्या वळणावर शेजारीण ओर्फेलिना भेटली, डोक्यावर पोतं घेऊन आपल्या घरी चाललेली. ओर्फेलिना म्हणजे सोन्यासारखी बाई. कुणाचं दुखलंखुपलं की पहिली हजर.

"अगं, बरं झालं भेटलीस!" ती म्हणाली. "तुझी सून धुराने अगदी रडकुंडीला आली होती. पोरगी खोकतेय, खोली बर्फासारखी. म्हटलं, वाळवंटातलं लेकरू, हिला काय कळतंय? माझी शेगडी नेऊन दिली बघ. आता दोघी झोपल्यात मस्त."

 देइदामिया काहीतरी बोलली, पण वाऱ्यात तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

"अगं काळजी करू नकोस, कच्ची नाही दिली! चांगली तीन चमचे साखर टाकली, माझ्या हाताने. तिला म्हटलं, धूर आत येऊ देऊ नकोस पोरीच्या छातीत. सगळ्या फटी बंद करून घेतल्या आम्ही."

देइदामियाने लाकडाचा भारा तिथेच चिखलात टाकला आणि धावत सुटली.

त्रेसष्ट वर्षांची बाई ती. गुडघे कधीचे गेलेले. घरापर्यंत चढ, चढावर चिखल, समोरून वारा. दोनदा पडली, एकदा हातावर, एकदा तोंडावर. मागून ओर्फेलिना ओरडत होती, "अगं झालं काय? अगं साखर टाकलीये गं!" देइदामियाला फक्त गुलाबी गाल दिसत होते. आधी आजीचे, मग यास्नाचे, मग त्या तान्ह्या पोरीचे. 'माझ्या मुठीचं पाप आहे हे,' ती मनात म्हणत होती. 'मला ने, देवा. त्यांना नको. मी खाल्ली, मला ने.' छातीत कळ आली तरी ती थांबली नाही.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मागच्या खोलीचं दार लागलेलं. चार बोटं उघडं राहणारं ते दार, त्याच्या फटींत घोंगडी कोंबलेली, वरच्या भोकात उशी. आतून काही आवाज नाही. आत ना धूर, ना जळकट वास. उलट गोड, खरपूस वास येत होता, साखरेचा.

तिने खांद्याने दार लोटलं. घोंगडीमुळे ते अडलं. मागून ओर्फेलिना आली, तिनेही जोर लावला, तेव्हा कुठे उघडलं. खोली इतकी उबदार होती की अंगावर शहारा आला. शेगडी मधोमध, शांत, लाल. यास्ना पलंगावरून अर्धी खाली आलेली, एक हात दाराकडे. गाल गुलाबी.

"यास्ना! ए पोरी!"

तिने डोळे उघडले नाहीत, पण ओठ हलले. ओर्फेलिनाने तिला बगलेत धरलं आणि फरफटत बाहेर काढलं. देइदामियाने पाळणा शोधला. यास्नाने तो खालच्या भोकाशी, बंद पंख्याला खेटून ठेवलेला होता. सगळ्या फटी बुजवल्या, पण पंख्यामागचं ते भोक दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. देइदामियाने पोरीला उचललं. पोर तिच्या हातात ओल्या फडक्यासारखी लोंबली.

तिने अंगणात धाव घेतली. भर पावसात उभी राहिली. पोरीचं तोंड वाऱ्याकडे केलं, पाठ चोळली, तळव्यांवर चापट्या मारल्या. काही नाही. "रड," ती म्हणाली. "रड गं माझे आई. ओरड. आजीला शिव्या घाल. रड!" पावसाचे थेंब त्या इवल्या तोंडावर पडत होते आणि पोर गप्प होती. देइदामियाला वाटलं, आता काही उरलं नाही. आता मीही इथेच बसते.

मग पोरगी शिंकली. आणि मग रडली. आधी मांजरासारखी, मग अशी की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

त्यांनीच ट्रॅक्टर काढला. दवाखाना म्हणजे गावच्या टोकाला दोन खोल्या आणि एक परिचारिका, ग्रिसेल्दा. तिने आधी पोरीच्या, मग यास्नाच्या नाकाला प्राणवायू लावला. यास्नाला चार उलट्या झाल्या, डोकं फुटतंय म्हणून ती रडली, आणि मग तिने विचारलं, "राएन?" तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला. राएन आईच्या कुशीतच होती, नाकाशी नळी, मुठी आवळलेल्या.

"वाचल्या," ग्रिसेल्दा म्हणाली. "रात्रभर इथेच राहू दे, सकाळी होडीने मोठ्या इस्पितळात दाखवू. बाळाच्या बाजूने कुठून तरी हवा येत होती का?"

"खाली भोक आहे," देइदामिया म्हणाली.

"त्या भोकाने वाचवलं तिला. अजून अर्धा तास गेला असता तर मी इथे बसून काही करू शकले नसते."

ओर्फेलिना हुंदके देत होती. "पण मी साखर टाकली होती हो! तीन चमचे! धूर पूर्ण जाईपर्यंत थांबले मी. गोड निखारे होते!"

ग्रिसेल्दाचा पारा चढला. "साखरेने काय होतंय? सुवास सुटतो, बस्स! जो वायू मारतो त्याला ना रंग, ना वास, ना धूर. चमचा टाका नाहीतर पोतं ओता, निखारा तोच आणि वायूही तोच. दार बंद केलंत, तिथेच सगळं आलं."

देइदामिया बाकावर बसली होती, चिखलाने माखलेली, हनुवटी सोललेली. तिने हळूच मान वर केली.

"आणि साखर टाकलीच नसती तर?"

"तरी तेच."

"म्हणजे अजून वाईट नाही?"

"नाही हो, मामी. तेच. काडीचाही फरक नाही. का?"

 देइदामिया आपल्या उजव्या तळहाताकडे बघत राहिली. मग मूठ मिटली, उघडली.

ग्रिसेल्दाने सगळ्यांसाठी चहा केला. ओर्फेलिना डोळे पुसत म्हणाली, "तिला बिनसाखरेचा द्या. ती साखर घेत नाही. मी तिला लहानपणापासून ओळखते, कधीच नाही."

"घाल," देइदामिया म्हणाली. "दोन चमचे घाल."

तिने दोन्ही हातांनी पेला धरला.  तो तिने तोंडाला लावला, आणि तिचा चेहरा नऊ वर्षांच्या पोरीसारखा वेडावाकडा झाला.

"मी खाल्ली होती गं," ती ओर्फेलिनाला म्हणाली. "आजीची साखर. मी खाल्ली होती."

ओर्फेलिनाला काही कळलं नाही. पण तिने तिचा हात धरला. देइदामिया रडली, मोठ्याने, लाज न बाळगता. रडता रडता ती अचानक थांबली. तिच्या डोळ्यांसमोर ते दुसरं दार आलं होतं. आजीच्या खोलीचं. आणि खाली वाकून, पिठाच्या हातांनी, फटीत पोतं कोंबणारी आई. काळजीने, नीट, बोटाने दाबून दाबून, म्हातारीला गार लागू नये म्हणून.

आई पुढे तीस वर्षं जगली. दर नोव्हेंबरात त्रान्सितोच्या थडग्यावर फुलं घेऊन जायची, आणि परत आली की म्हणायची, "उबेत गेली बिचारी, मी पोतं लावलं होतं ना."

"काय झालं?" ओर्फेलिनाने विचारलं.

देइदामियाने पेला खाली ठेवला. "काही नाही," ती म्हणाली. "बरं झालं, आई आधीच गेली."